काटेरी डॉगफिशच्या दोन निकटवर्ती जाती : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा अभ्यास केलेल्या प्रत्येकाला ‘डॉगफिश’ हा शब्द परिचित असतो. पृष्ठवंशी प्राण्यांची शरीररचना जगभरातील विद्यापीठांत ज्या मोजक्या प्राण्यांच्या आधारे शिकविली गेली, त्यांत बेडूक, कबूतर व ससा यांच्याबरोबरीने या लहान शार्क माशाची गणना होते. मात्र ‘डॉगफिश’ हे कोणत्याही एका जातीचे नाव नाही. ब्रिटनमधील जुन्या पाठ्यपुस्तकांत ते अंडी घालणाऱ्या ठिपकेदार डॉगफिशला लावलेले आढळते, अमेरिका व कॅनडा येथे ते काटेरी डॉगफिशला लावले जाते, तर आपल्याकडे ते स्कोलिओडॉन या सर्वस्वी निराळ्या कुलातील मुशीला लावण्याची प्रथा पडली आहे. एकाच शब्दाच्या आड तीन निरनिराळे प्राणी वावरत असल्यामुळे विद्यार्थ्यांचा आणि कित्येकदा शिक्षकांचाही गोंधळ होतो.

प्रस्तुत लेखाचा विषय काटेरी डॉगफिशच्या दोन जातींची तुलना हा आहे. त्यांपैकी पहिली ‘स्क्वॅलस अकँथियस’ ही अटलांटिक महासागरात व दक्षिण गोलार्धाच्या समशीतोष्ण सागरांत आढळते. दुसरी ‘स्क्वॅलस सकलेयी’ ही केवळ उत्तर प्रशांत महासागरात आढळते. या दोन्ही जाती २०१० पर्यंत शास्त्रीय ग्रंथांत एकाच नावाने ओळखल्या जात होत्या. या विषयासंबंधी बोलताना अन्य विद्याशाखांतील सहकाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो : माशाचे मुस्कट थोडे आखूड की थोडे लांब, याने असा काय फरक पडतो? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मुस्कटात नाही. ते या माशांच्या आयुष्याच्या गणितात आहे. यांपैकी एका जातीची मादी सुमारे १२ व्या वर्षी प्रजननक्षम होते, तर दुसऱ्या जातीची मादी सुमारे ३५ व्या वर्षी. दोहोंना एकच नाव देऊन एकच हिशेब लावला तर तो हिशेब कोणाच्या तरी बाबतीत चुकणार, हे उघड आहे.

दोन्ही जातींचे समान स्वरूप

तुलनेपूर्वी साम्य पाहणे उचित ठरेल, कारण दीर्घकाळ झालेल्या गल्लतीचे मूळ या साम्यातच आहे. दोन्ही जाती उपास्थिमीन वर्गातील ‘स्क्वॅलस’ या एकाच वंशातील आहेत. शरीर सडपातळ, साधारणतः एक मीटर अथवा त्याहून थोडे अधिक लांब. पाठीचा रंग करडा, पोटाकडील बाजू पांढरट आणि पाठीवर दोन्ही बाजूंना विखुरलेले पांढरे ठिपके. दोन पृष्ठपरांपैकी प्रत्येकाच्या पुढे एकेक मजबूत काटा असतो व या काट्यांवरूनच माशाला नाव मिळाले आहे. ‘अकँथियस’ या शब्दाच्या मुळाशी काटा या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. हा काटा सौम्य विषारी असून तो हाताला लागल्यास होणारी जखम बराच वेळ ठणकते, असा मच्छीमारांचा अनुभव आहे. या वंशात गुदपर नसतो. काटा आणि गुदपर या दोन लक्षणांवरून आपल्या मुशीपासून काटेरी डॉगफिश एका दृष्टिक्षेपात वेगळा काढता येतो, कारण मुशीला काटा नसतो आणि गुदपर असतो.

प्रजननाची पद्धतही दोन्ही जातींत सारखीच आहे. मादी पिलांना जन्म देते, परंतु गर्भाशयात वार तयार होत नाही. पिलू स्वतःच्या मोठ्या अंड्यातील पीतकावर वाढते. आरंभी अनेक अंडी एका पातळ पारदर्शक वेष्टनात एकामागोमाग एक अशी राहतात. या लांबट वेष्टनाला अभ्यासकांनी ‘मेणबत्ती’ असे समर्पक नाव दिले आहे. काही महिन्यांनी हे वेष्टन विरघळते आणि पिले गर्भाशयात मोकळी वाढू लागतात. गर्भावधी २२ ते २४ महिने, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांचा असतो. हत्तिणीचा गर्भावधीही साधारणतः एवढाच आहे. पृष्ठवंशी प्राण्यांत इतका प्रदीर्घ गर्भावधी विरळाच. दोन वर्षांच्या या प्रतीक्षेनंतर एका वेळी सरासरी सहा-सात पिले जन्मतात. लाखो अंडी सोडणाऱ्या कॉडसारख्या माशाच्या तुलनेत हा वेग किती मंद आहे, हे वेगळे सांगावयास नको.

नामकरणाचा इतिहास

कार्ल लिनीयसने १७५८ मध्ये ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत युरोपच्या सागरातील काटेरी डॉगफिशला ‘स्क्वॅलस अकँथियस’ हे नाव दिले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १८५४-५५ च्या सुमारास, अमेरिकेत काम करणारे मत्स्यशास्त्रज्ञ शार्ल जिरार यांनी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील काटेरी डॉगफिशचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन केले आणि तिला जॉर्ज सकली यांचे नाव दिले. सकली हे अमेरिकी सैन्यातील शल्यचिकित्सक होते. पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत लोहमार्ग नेण्यासाठी जी सर्वेक्षणे त्या काळात झाली, त्यांत सहभागी होऊन त्यांनी प्राण्यांचे नमुने गोळा केले. लोहमार्गाच्या सर्वेक्षणातून मत्स्यशास्त्राला एक जाती मिळावी, ही गोष्ट इतिहासाच्या प्राध्यापकांनाही रंजक वाटेल.

जिरार यांचे वर्णन त्या काळच्या रीतीप्रमाणे त्रोटक होते. पुढे विसाव्या शतकात निरनिराळ्या सागरांतील नमुने एकत्र पाहिल्यावर अभ्यासकांना असे दिसले की, प्रशांतातील आणि अटलांटिकमधील माशांमध्ये ठळक, नेमका व न चुकणारा असा एकही फरक सांगता येत नाही. काहींनी ‘सकलेयी’ला उपजातीचा दर्जा दिला, बहुतेकांनी ते नाव ‘अकँथियस’चे पर्यायनाम मानले. लिओनार्ड कंपान्यो यांनी जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी १९८४ मध्ये सिद्ध केलेल्या शार्क माशांच्या सूचीतही काटेरी डॉगफिश ही उत्तर व दक्षिण गोलार्धांत सर्वत्र पसरलेली एकच जाती म्हणून नोंदविली गेली. मत्स्यव्यवसाय खात्यांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत सर्वांनी हाच निर्वाळा प्रमाण मानला.

हा निर्णय त्या वेळी उपलब्ध पुराव्याला धरून होता, हे येथे नमूद केले पाहिजे. एखाद्या जातीचा विस्तार फार मोठा असेल तर तिच्या निरनिराळ्या भागांत थोडाफार फरक असणारच. तेवढ्यावरून नवी जाती मानणे हा दोषच ठरतो. परंतु एक गोष्ट आरंभापासून खटकणारी होती. काटेरी डॉगफिश उष्ण कटिबंधातील पाण्यात आढळत नाही. तो समशीतोष्ण व थंड पाण्यातील मासा आहे. असे असता उत्तर प्रशांतातील माशांचा अन्य सागरांतील माशांशी संबंध येत कसा असेल?

या प्रश्नाचे उत्तर डीएनए परीक्षणातून मिळू लागले. २००७ च्या सुमारास रॉबर्ट वॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्क्वॅलस वंशातील नमुन्यांचे डीएनए बारकोडिंग केले, तेव्हा उत्तर प्रशांतातील नमुने वेगळे पडत असल्याचे दिसले. २०१० मध्ये आना वेरिसिमो आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या महासागरांतील नमुन्यांच्या तंतुकणिकांतील व केंद्रकातील डीएनएची तुलना प्रसिद्ध केली. तिच्यातून निघालेला निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. दक्षिण प्रशांतातील काटेरी डॉगफिश हा आनुवंशिक दृष्ट्या अटलांटिकमधील डॉगफिशला जवळचा आहे. उत्तर प्रशांतातील मात्र या सर्वांपासून दूर आहे. नकाशावर चिली आणि कॅनडा हे एकाच महासागराचे दोन किनारे दिसतात, पण या माशाच्या लेखी चिलीला न्यूफाउंडलंड अधिक जवळचे. विषुववृत्तालगतचे उष्ण पाणी ही भिंत दोन्ही महासागरांत आहे. ती अटलांटिकमध्ये केव्हातरी ओलांडली गेली असावी आणि प्रशांतात दीर्घकाळ अभेद्य राहिली असावी, असे यावरून म्हणता येते.

त्याच वर्षी डेव्हिड एबर्ट आणि सहकाऱ्यांनी ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात ‘स्क्वॅलस सकलेयी’ या जातीचे पुनरुज्जीवन करणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. नियमानुसार जुने वैध नाव उपलब्ध असल्याने नवे नाव देण्याचा प्रश्नच नव्हता. जिरार यांनी दिलेले नाव सुमारे दीडशे वर्षांनी परत वापरात आले. मूळ प्रारूप नमुना उपलब्ध नसल्याने नवप्रारूप निश्चित करण्यात आले. या निबंधाच्या लेखकांत १९८४ च्या सूचीचे कर्ते कंपान्यो यांचाही समावेश आहे. स्वतः पूर्वी नोंदविलेले मत नव्या पुराव्यापुढे बदलण्याचे असे उदाहरण संशोधनपद्धतीच्या तासाला सांगण्यासारखे आहे.

बाह्य लक्षणांतील भेद

आता प्रत्यक्ष भेदांकडे वळू. सकलेयीचे मुस्कट तुलनेने आखूड व रुंद गोलाकार असते. अकँथियसचे त्याहून लांबट व निमुळते. सकलेयीमध्ये श्रोणिपराचे स्थान पहिल्या पृष्ठपरापेक्षा दुसऱ्या पृष्ठपराला अधिक जवळ असते. एबर्ट व सहकाऱ्यांच्या वर्णनात सकलेयीच्या कशेरुकांची सरासरी संख्या ९९ दिली आहे. पाठीवरील पांढरे ठिपके दोन्ही जातींत असतात. वयाबरोबर ते फिके होत जातात, म्हणून त्यांच्यावर फार विसंबता येत नाही.

बाह्य लक्षणांपैकी एकही लक्षण स्वतंत्रपणे निर्णायक नाही. मोजमापांची सरासरी वेगळी असली तरी दोन्ही जातींच्या मर्यादा एकमेकींत शिरतात. विशेषतः पिलांच्या बाबतीत नुसत्या डोळ्यांनी जाती सांगणे जोखमीचे आहे. व्यवहारात निर्णय दोन गोष्टींवर होतो : डीएनए परीक्षण आणि नमुना पकडल्याचे ठिकाण. उत्तर प्रशांतात, म्हणजे जपान-कोरियापासून बेरिंग सागर व अलास्कामार्गे दक्षिणेस कॅलिफोर्नियाकडील किनाऱ्यापर्यंत, मिळालेला मासा सकलेयी मानला जातो. यामुळे बरणीवरील चिठ्ठीला असाधारण महत्त्व प्राप्त होते. ठिकाण न लिहिलेला फॉर्मॅलिनमधील जुना नमुना या बाबतीत जवळजवळ मुका असतो, कारण फॉर्मॅलिनमुळे डीएनएची बरीच हानी झालेली असते.

वयाचे गणित

या लेखाचा गाभा येथे आहे. हाडे असलेल्या माशांचे वय त्यांच्या कानातील खड्यांवरील वलयांवरून काढतात. शार्क माशांत तसे खडे नसतात. त्यांच्या कशेरुकांवरील वलये मोजतात, परंतु काटेरी डॉगफिशच्या कशेरुकांवर ती स्पष्ट दिसत नाहीत. त्याऐवजी दुसऱ्या पृष्ठपरापुढील काटा उपयोगी पडतो. या काट्यावर दातावरील लुकणासारखा एक थर असतो आणि त्यावर दरवर्षी एक गडद पट्टा उमटतो, झाडाच्या बुंध्यातील वर्षवलयांप्रमाणे. मोठ्या माशांत काट्याचे टोक झिजलेले असल्यामुळे आरंभीच्या वर्षांचे पट्टे हरवलेले असतात. तेवढी वर्षे अंदाजाने मिळवावी लागतात.

या पद्धतीने वायव्य अटलांटिकमधील माद्या सरासरी १२ व्या वर्षी आणि नर सुमारे सहाव्या वर्षी प्रौढ होतात असे १९८० च्या दशकात आढळले. तेथील माशांचे कमाल आयुष्य ३५ ते ४० वर्षांचे मानले जाते. ब्रिटिश कोलंबियातील जॉर्जियाच्या सामुद्रधुनीत कॅनडाच्या अभ्यासकांनी हेच काम केले, तेव्हा निम्म्या माद्या प्रौढ होण्याचे वय सुमारे ३५ वर्षे निघाले. हा निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील काही माशांचे वय ८० वर्षांपर्यंत व त्याहूनही पुढे जात असल्याचे अंदाज आहेत. एकच जाती आणि प्रौढत्वाच्या वयात जवळजवळ तिपटीचा फरक!

या विसंगतीची तीन स्पष्टीकरणे संभवत होती. पाण्याचे तापमान व अन्न यांच्यामुळे वाढीचा वेग बदलत असावा. पट्टे मोजण्यात एका बाजूच्या अभ्यासकांची चूक होत असावी. अथवा हे दोन निराळे प्राणी असावेत. दुसऱ्या शक्यतेचा निकाल ज्या मार्गाने लागला, तो भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना विशेष भावेल. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात व १९६० च्या दशकाच्या आरंभी वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण एकाएकी वाढले. हा कार्बन समुद्राच्या पाण्यात मिसळला, अन्नसाखळीतून माशांच्या शरीरात गेला आणि त्या वर्षांत तयार होत असलेल्या काट्याच्या थरात कायमचा बंदिस्त झाला. म्हणजे मानवाने नकळत जगातील सर्व सागरांवर एक तारखेचा शिक्का मारून ठेवला होता. स्टीव्हन कॅम्पाना आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये काट्यांतील हा शिक्का शोधून काढला. अमुक पट्टा १९६० च्या दशकातील आहे हे कार्बनवरून कळले की त्यापुढचे पट्टे मोजून पडताळा घेता येतो. निदान ४५ वर्षांपर्यंतच्या वयासाठी पट्टे मोजण्याची पद्धत बरोबर ठरली आणि प्रशांतातील डॉगफिशचे दीर्घायुष्य हा मोजणीचा दोष नसल्याचे स्पष्ट झाले. संहारासाठी झालेल्या चाचण्यांचा असा उपयोग कोणाच्या ध्यानीमनीही नसेल.

पहिली शक्यता, म्हणजे परिस्थितीचा परिणाम, सर्वस्वी नाकारता येत नाही. अकँथियसच्या निरनिराळ्या सागरांतील समूहांतही वाढीचा वेग काहीसा भिन्न असतो. परंतु आनुवंशिक पुरावा मिळाल्यानंतर आयुष्यक्रमातील एवढ्या मोठ्या तफावतीकडे दोन जातींचे वैशिष्ट्य म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक ठरते.

या आकड्यांचा अर्थ एका ढोबळ हिशेबाने स्पष्ट करता येईल. समजा, एकाच वर्षी जन्मलेल्या दोन माद्या आहेत, एक अटलांटिकमधील व एक प्रशांतातील. बाराव्या वर्षी प्रौढ झालेली अटलांटिकमधील मादी दोन वर्षांना एक वेत या गतीने पस्तिसाव्या वर्षापर्यंत सुमारे ११ वेळा वितेल आणि सरासरी सहा पिले धरल्यास ६५ च्या आसपास पिलांना जन्म देईल. त्याच वेळी प्रशांतातील मादी नुकतीच प्रौढ होत असेल. तिच्या नावावर एकही पिलू नसेल. पंचविसाव्या वर्षी जाळ्यात सापडलेली मादी अटलांटिकमध्ये आपल्यामागे संतती ठेवून जाते, प्रशांतात मात्र बहुधा काहीही न ठेवता. १९९८ मध्ये प्रशांत महासागरातील २६ शार्क जातींच्या पुनर्भरणक्षमतेचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात काटेरी डॉगफिशचा क्रमांक सर्वांत खाली लागला.

बाजारपेठ आणि धोरण

दोन्ही जातींचा मत्स्यव्यवसायाशी आलेला संबंध वेगवेगळ्या वाटांनी गेला आहे. युरोपात अकँथियसला कायम मागणी राहिली. इंग्लंडमध्ये तो ‘रॉक सॅमन’ या भारदस्त नावाने तळून विकला गेला; सॅमनशी त्याचा काही संबंध नाही, हे अर्थातच ग्राहकाला सांगितले जात नसे. जर्मनीत त्याच्या पोटाकडील मांसाच्या धुरावलेल्या पट्ट्या ‘शिलरलॉकन’ म्हणून खाल्ल्या जातात. धुरीने कुरळ्या होणाऱ्या या पट्ट्यांना कवी शिलर यांच्या केसांच्या बटांची उपमा मिळाली आहे. ईशान्य अटलांटिकमधील उत्पादन १९६० च्या दशकात वर्षाला ६० हजार टनांच्या वर गेले होते. नंतर ते घसरत गेले आणि २०११ मध्ये युरोपीय संघाने अनुमत पकड शून्यावर आणली. साठा सावरल्याचे दिसल्यावर २०२३ मध्ये मर्यादित मासेमारीला पुन्हा परवानगी देण्यात आली.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मच्छीमार या माशाला उपद्रवी समजत. कॉडचे साठे ढासळल्यावर १९९० च्या दशकात त्यांची दृष्टी डॉगफिशकडे वळली व १९९६ मध्ये पकड सुमारे २७ हजार टनांवर पोहोचली. युरोपच्या बाजारात मोठ्या माशांना भाव असल्याने आणि माद्या नरांपेक्षा मोठ्या असल्याने पकडीचा सारा भार प्रौढ माद्यांवर पडला. व्यापारशास्त्राच्या दृष्टीने हे साहजिक होते, जीवशास्त्राच्या दृष्टीने भांडवलच खर्ची घालण्यासारखे. १९९८ मध्ये हा साठा अतिमासेमारीग्रस्त घोषित झाला, २००० मध्ये व्यवस्थापन आराखडा लागू झाला आणि २०१० मध्ये साठा पूर्ववत झाल्याचे जाहीर करण्यात आले. बारा वर्षांत असे घडू शकले, याला प्रौढत्वाचे तुलनेने लवकर येणारे वय काही अंशी कारणीभूत आहे.

प्रशांत किनाऱ्यावर १९४० च्या दशकात सकलेयीच्या यकृताला एकाएकी मोल आले. दुसऱ्या महायुद्धामुळे युरोपातून येणारे कॉडचे तेल बंद झाले आणि ‘अ’ जीवनसत्त्वासाठी शार्क माशांच्या यकृततेलाची मागणी वाढली. कृत्रिम जीवनसत्त्व बाजारात आल्यावर, दशकाच्या अखेरीस, हा धंदा जितक्या झपाट्याने आला तितक्याच झपाट्याने बसला. त्यानंतर कॅनडात उलट परिस्थिती निर्माण झाली; जाळी फाडणारा व अन्य मासे खाणारा उपद्रवी म्हणून त्याची संख्या कमी करण्यासाठी सरकारी प्रयत्न झाले. यकृततेलाच्या हंगामात जन्मलेली मादी त्या सरकारी प्रयत्नांच्या काळात अद्याप अपरिपक्व असेल, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या योजनांचा काळ आणि या माशाचा काळ किती विजोड आहेत ते कळते.

मग एका नावामुळे नेमके काय बिघडले? याबाबत अतिशयोक्ती टाळली पाहिजे. कॅनडा व अमेरिका यांच्या पश्चिम किनाऱ्यावरील अभ्यासक स्थानिक आकडेच वापरीत होते. अटलांटिकचे आकडे आंधळेपणाने तेथे लावले गेले असे म्हणता येणार नाही. बिघाड जागतिक पातळीवरील हिशेबात होता. २००७ मध्ये जर्मनीने मांडलेला आणि २०१० मध्ये पुन्हा मांडला गेलेला, काटेरी डॉगफिशच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराखाली नियंत्रण आणण्याचा प्रस्ताव संमत झाला नाही. त्या चर्चेत एका नावाखाली ईशान्य अटलांटिकमधील खालावलेला साठा आणि प्रशांतातील तुलनेने बरा साठा हे दोन्ही येत होते. आता आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत अकँथियस ‘असुरक्षित’ आणि सकलेयी ‘किमान चिंता’ या गटात अशा स्वतंत्र नोंदी आहेत. दुसऱ्या नोंदीमुळे निर्धास्त होणे मात्र योग्य नाही. ज्या जातीची मादी ३५ व्या वर्षी प्रौढ होते, तिच्या बाबतीत आज झालेली चूक दिसायला एक पिढी जावी लागते.

दुसरा परिणाम ग्रंथालयातला आहे आणि तो अध्यापकांशी थेट निगडित आहे. उपास्थिमीनांच्या शरीरक्रियेविषयीचे पुष्कळसे मूलभूत ज्ञान ‘स्क्वॅलस अकँथियस’ या नावाने प्रसिद्ध झाले आहे. गुदग्रंथी रक्तातील अतिरिक्त मीठ बाहेर टाकते हा शोध १९६० मध्ये मेन राज्यातील माउंट डेझर्ट बेटावरील प्रयोगशाळेत लागला. तेथील मासा अटलांटिकमधील, म्हणजे खरोखर अकँथियस. परंतु ब्रिटिश कोलंबियातील बॅमफिल्ड येथील सागरी केंद्रात झालेले आणि त्याच नावाने छापलेले जुने प्रयोग सकलेयीवरचे आहेत. २०१० पूर्वीचा निबंध वाचताना शीर्षकातील नावापेक्षा ‘साहित्य व पद्धती’ या भागातील पकडीचे ठिकाण आधी पाहावे लागते.

आपल्या प्रयोगशाळेतील ‘डॉगफिश’

भारतीय किनाऱ्यावर या दोहोंपैकी एकही जाती आढळत नाही. तरीही आपल्याकडील ‘डॉगफिश’ची कथा याच वळणाची आहे. भारतीय प्राणिशास्त्राच्या वर्गांत पिढ्यान् पिढ्या जो स्कोलिओडॉन शिकविला गेला, त्याच्यावरील थिल्लयंपालम यांचा प्रबंध १९२८ मध्ये ‘इंडियन झूलॉजिकल मेम्वार्स’ या मालेत निघाला आणि पाठ्यपुस्तकांनी तो आधारभूत मानला. कोकण किनाऱ्यावर मुशी किंवा मोरी म्हणून विकल्या जाणाऱ्या लहान शार्क माशांत हा मोठ्या प्रमाणात असतो. काटेरी डॉगफिशशी त्याची तुलना केली तर तो जवळजवळ दुसऱ्या टोकाला आहे : वयाच्या एक-दोन वर्षांतच प्रौढ होणारा, सुमारे सहा महिन्यांचा गर्भावधी असलेला, मिलिमीटरभर अंड्यापासून वारेच्या आधारे पिलू वाढविणारा. ‘डॉगफिशचा गर्भावधी किती?’ या प्रश्नाला परदेशी पुस्तकातून दोन वर्षे असे उत्तर लिहिणारा विद्यार्थी आणि सहा महिने असे लिहिणारा विद्यार्थी, दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. गुण मात्र परीक्षकाच्या टेबलावर कोणते पुस्तक आहे त्यावर ठरतात.

योगायोग असा की, स्कोलिओडॉनचीही विभागणी २०१० मध्येच झाली. विल्यम व्हाइट आणि सहकाऱ्यांनी पश्चिम प्रशांतातील ‘स्कोलिओडॉन मॅक्रोरिंकस’ ही जाती ‘स्कोलिओडॉन लॅटिकॉडस’पासून वेगळी असल्याचे दाखविले. तेथेही नाव जुनेच होते, ब्लीकर यांनी १८५२ मध्ये दिलेले, आणि तेही दीर्घकाळ पर्यायनामांच्या यादीत पडून होते. आपल्या अरबी समुद्रातील मुशी लॅटिकॉडसच राहिली, परंतु चीन व आग्नेय आशियाकडील नमुन्यांवरील जुनी माहिती तिला लावताना आता विचार करावा लागतो.

आमच्या विभागात एका उंच बरणीत असा एक नमुना आहे. चिठ्ठीवर ‘स्कोलिओडॉन सोराकोवा’ हे आता वापरात नसलेले नाव सुबक अक्षरात लिहिलेले असून ठिकाण व तारीख नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन कमी करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिल्यापासून नवे नमुने खरेदी करण्याचे प्रयोजन उरलेले नाही. जे आहेत तेच शिकविण्यासाठी वापरावयाचे आहेत. जुन्या साठा-नोंदवहीत शोध घेतला असता या बरणीच्या नोंदीपुढे खरेदीचे वर्ष आणि किंमत सापडली, मासा कोणत्या बंदरावरून आला ते सापडले नाही. नव्या चिठ्ठीवर आम्ही ‘स्कोलिओडॉन, जाती अनिश्चित’ असे लिहिले आणि खाली, जुन्या चिठ्ठीतील नाव तसेच ठेवून, खरेदीचे वर्ष घातले.